अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या कथा वाचायला घेताय?

‘कथेत काहीच घडत नाही’ ही तुमची तक्रार मला ओळखीची आहे. मीही पहिल्यांदा पुस्तक मिटूनच ठेवलं होतं.

सुरुवात ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’पासून (१९२७) करा. स्पेनमधलं एक स्टेशन, बार्सिलोनाहून येणारी गाडी चाळीस मिनिटांत येणार, आणि बिअर पीत बसलेले दोघं, एक पुरुष नि एक तरुणी. बोलणं गर्भपाताबद्दल चाललंय, पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही. संवाद मोठ्याने वाचा. बहुतेक ठिकाणी ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ असंही नसतं, त्यामुळे पेन्सिलने खुणा करा, लाजू नका. तो ‘अगदी सोपं आहे’ हे किती वेळा घोकतो ते मोजा. माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला की समजायचं, पाणी मुरतंय. शेवटी ती त्याला गप्प बसायला सांगते, तेव्हा ‘प्लीज’ सलग सात वेळा येतं. अख्ख्या कथेतला स्फोट तेवढाच. आणि दरीच्या एका बाजूला रखरखाट, दुसऱ्या बाजूला शेतं नि झाडं, हे निव्वळ वर्णन म्हणून ओलांडू नका.

मग ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’. युद्धावरून परतलेला निक नावाचा तरुण तंबू ठोकतो, कॉफी करतो, मासे धरतो. कथेत युद्धाचा उल्लेखही नाही, पण जळून गेलेलं गाव आणि काळे पडलेले नाकतोडे आहेत. ही मात्र दमाने वाचा. घाईत अगदीच कंटाळवाणी वाटते.

निक इतर कथांतही भेटतो. ‘इंडियन कॅम्प’मध्ये तो लहान मुलगा आहे, ती आधी वाचलीत तरी चालेल.