होमिंगच्या सेन्सरसाठी हप्ते सुरू करावेत का?

प्रश्न: माझ्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये तीन सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारी) मशीन आहेत. त्यातल्या एकावर सकाळी होमिंग केलं, म्हणजे मशीन त्याच्या ठरलेल्या आरंभाच्या जागी नेलं, की झिरो (मोजमापाचा आरंभबिंदू) सरकलेला असतो, कधी कधी ०.०५ मिलिमीटरपर्यंत. पहिला जॉब वाया जातो. पुरवठादार म्हणतो, तिन्ही मशीनचे सगळे प्रॉक्सिमिटी सेन्सर (न शिवता धातू जवळ आल्याचं ओळखणारे) काढून उच्च अचूकतेचे बसवा. कोटेशन महिन्याच्या निव्वळ नफ्याच्या दीडपट आहे, १२ हप्त्यांत फेडता येईल. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. दुखणं एका मशीनला आणि औषध तिघांना, तेही उधारीवर, हा व्यवहार मला पटत नाही.

आधी त्या मशीनवर होमिंग एन्कोडरच्या (मोटरची फेरी मोजणाऱ्या भागाच्या) इंडेक्स पल्सवर होतं का, हे मेंटेनन्सवाल्याला विचारा. तसं असेल तर सेन्सर फक्त घर जवळ आल्याची वर्दी देतो. नेमका बिंदू ठरतो तो मोटरच्या फेरीत एकदाच येणाऱ्या पल्सवर. बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा आटेदार दांडा) ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेरीत ५ मिलिमीटर सरकवणारा, आणि थेट मोटरला जोडलेला असेल, तर पल्सही दर ५ मिलिमीटरला येतो. सेन्सर थोडा मागेपुढे लागला तरी पल्स तोच पकडला जातो, आणि निसटलाच तर झिरो सरकतो पूर्ण ५ मिलिमीटरने. म्हणजे तुमच्या ०.०५चा दोष सेन्सरकडे जातच नाही. मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग ढिलं आहे का, थंड आणि तापलेल्या मशीनमध्ये फरक पडतो का, हे बघावं लागेल. अशा वेळी महागडा सेन्सर म्हणजे पैसे पाण्यात.

इंडेक्स पल्स वापरात नसेल तर मात्र सगळा भार सेन्सरवर येतो. तरीही खरेदीआधी होमिंगचा वेग बघा. मिनिटाला ३००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५०. सिग्नल पोचायला एक मिलिसेकंद इकडेतिकडे झालं की तिथेच ०.०५ मिलिमीटर गेले. तुमचा आकडा हाच आहे ना? आधी वेगाने जाऊन सेन्सर गाठायचा, थोडं मागे यायचं आणि दुसऱ्यांदा मिनिटाला ६० मिलिमीटरने जायचं, एवढं केलं की त्याच मिलिसेकंदाची किंमत ०.००१ मिलिमीटर उरते. पॅरामीटर बदलायला खर्च शून्य. मग सरकलेलं अंतर मोजणारा डायल लावून सकाळी आणि दुपारी पाच-सात वेळा होमिंग करून बघा.

एवढं करूनही फरक राहिला तर त्या एका मशीनचे सेन्सर बदला, तेही रोखीने. लांब पल्ल्याच्या सेन्सरला भुलू नका. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकात पुनरावृत्तीतली चूक सेन्सिंग अंतराच्या १० टक्क्यांपर्यंत चालते. प्रत्यक्षात ती बरीच कमी असते, पण मर्यादा अंतराबरोबर वाढते. म्हणून होमिंगला २ मिलिमीटरचा सेन्सर ८ मिलिमीटरच्या सेन्सरपेक्षा बरा, आणि बहुधा स्वस्तही. समोरची पट्टी साध्या पोलादाची हवी. ॲल्युमिनियमवर पल्ला जेमतेम ४० टक्के उरतो. पीएनपी की एनपीएन (सेन्सरच्या आउटपुटचे दोन प्रकार), हे कंट्रोलरच्या इनपुटशी जुळवूनच ऑर्डर द्या.

पैसे वाढवायचेच असतील तर कूलंटला टिकणाऱ्या केबलवर, धूळ-पाणी आत न घेणाऱ्या आयपी६७ बांधणीवर आणि कनेक्टरवर वाढवा. कनेक्टर असला की बिघडलेला सेन्सर केबल न ओढता बदलता येतो, मशीन कमी वेळ बंद राहतं. नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं ठेवणारा) प्रकार घ्या, म्हणजे तार तुटली तर मशीन थांबेल, टोकाला जाऊन आदळणार नाही. एक सेन्सर कपाटात राखीव ठेवा.

आता हप्त्यांचं. महिनाभर वहीत लिहा: किती जॉब वाया गेले, सेटिंगमध्ये किती तास गेले. तासांना ताशी दर लावताना हात आखडता ठेवा. त्या वेळी मशीनला दुसरं काम नव्हतंच, तर नुकसान फक्त मालाचं. बिनव्याजी हप्ता म्हणत असतील तर रोखीचा भाव विचारा. दोन्हीतला फरक हेच व्याज. तीन महिन्यांचे पगार आणि भाडं निघेल एवढी गंगाजळी बाजूला नसेल, तर कारण कोणतंही असो, नवा हप्ता नको.

दोन मोटरांचं गॅन्ट्री मशीन (आडवा पूल दोन्ही बाजूंनी सरकवणारं) असतं तर मी थोडं वेगळं बोललो असतो. तिथे दोन्ही बाजूंच्या सेन्सरमधला फरक पूल तिरका करतो, चांगल्या जोडीला जास्त पैसे मोजणं रास्त ठरतं. तुमच्या तिन्हींत तसं एखादं असेल तर पुरवठादाराकडून मशीननिहाय वेगळं कोटेशन मागवा आणि तेवढाच भाग घ्या.