एवढीशी गोळी कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांना सीएलएल हा रक्ताचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी व्हेनेटोक्लॅक्स सुरू केलं, पण पहिला आठवडा रोज फक्त २० मिलिग्रॅम. पुढे ४०० पर्यंत नेणार म्हणतात. मग पहिल्या दिवसापासूनच पूर्ण डोस का नाही? – एक वाचक, मिरज

उत्तर : डॉक्टर कचरत नाहीयेत. औषध फार जोरात लागू पडतं, म्हणून ते बेताबेताने चढवतात.

मी वीस वर्षं प्रयोगशाळेत पेशींचं मरण बघत आले आहे. मरणारी पेशी आधी आक्रसते, मग तिच्या कडेला उकळत्या पेजेसारखे फुगे येतात आणि शेवटी तिचे तुकडे होतात. शरीरात हे तुकडे इतर पेशी गिळून टाकतात. ना सूज, ना पू. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी याला ॲपोप्टोसिस म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ.

काही रक्तकर्करोगांत बीसीएल-२ हे जनुक बेसुमार काम करतं, ते पुढे कळलं. ते पेशींना भराभर वाढवत असणार, असाच होरा होता. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड व्हॉक्स या पीएचडीच्या विद्यार्थ्याने सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांच्यासोबत ते जनुक रक्तपेशींत घातलं, आणि त्या ज्या प्रथिनावर जगतात तेच काढून घेतलं. साध्या पेशी मेल्या. या मेल्या नाहीत आणि वाढल्याही नाहीत, नुसत्या तग धरून राहिल्या. हा निकाल मला आजही थक्क करतो.

तुमच्या वडिलांच्या रोगट पेशी अशाच बीसीएल-२च्या जोरावर टिकून आहेत. गोळी या जनुकाने बनवलेल्या बीसीएल-२ प्रथिनाला चिकटते, त्याने अडवून धरलेली मारक प्रथिनं सुटतात आणि काही तासांत पेशी मरू लागतात. एकाच वेळी ढीगभर मेल्या तर मात्र निस्तरणं शरीराच्या आवाक्यात राहत नाही. पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात वाढतं. मूत्रपिंडं थकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सुरुवातीच्या चाचण्यांत यामुळे रुग्ण दगावले आहेत. म्हणून २०, ५०, १००, २००, ४०० अशी पाच आठवड्यांची चढण.

वडिलांना दिवसाला सहा ते आठ ग्लास पाणी द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना त्रास असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारून. गोळी जेवणाबरोबर, रोज ठरल्या वेळी. पहिल्या डोसनंतर सहा-आठ तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी रक्त तपासायला सांगतील. कितीही दगदग झाली तरी तेवढं चुकवू नका.