वाचकांचे प्रश्न : नजर वळवायची कशी?

प्रश्न : स्नेहसंमेलनात मी नाणं गायब करतो, पण पुढच्या रांगेतली पोरं लगेच ओरडतात, ‘सर, उजव्या हातात आहे!’ माझा हात चपळ नाही का?
– एक शिक्षक, चोपडा

उत्तर : हात ठीक आहे, डोळे चुगली करतात. जादूगार बघेल तिकडेच प्रेक्षक बघतात. १० रुपयांचं नाणं घ्या. २७ मिलिमीटरचं असल्यानं नीट अडकतं, छोटा रुपया निसटतो. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या मुळाशी ते धरा. डाव्या तळहातावर ठेवल्यासारखं करा, मूठ मिटा आणि नजर त्या मुठीबरोबर वर न्या. उजवा हात सैल सोडा. अंगठा ताठ राहिला की संशय आलाच. आता उजव्या हाताला खिशात जायला कारण हवं, म्हणून पेन्सिल आधीच तिथे ठेवा. ती काढताना नाणं आत राहतं. पेन्सिल मुठीवर फिरवा, दोन सेकंद थांबा, मग मूठ उघडा. घाई केली तर पोरं उजव्या हाताकडे वळणारच. आणि ‘हा हात रिकामा’ असं कृपा करून म्हणू नका! बाजूला जमिनीवर बसलेल्यांना बोटांच्या फटीतून दिसतं. सगळ्यांना समोर बसवा.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेला जायचंय. खिसेकापूंची युक्ती हीच का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : हीच. ‘दादा, शर्टावर घाण पडली,’ म्हणत एकजण खांदा झटकतो; त्या जोराच्या स्पर्शात दुसऱ्याचा खिशातला हलका हात जाणवत नाही. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, आधी ते सांभाळा, शर्ट नंतर बघा.