गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतरच का देतात, आणि उशीर झाल्यास बाळाच्या वाढीवर परिणाम होतो का?

आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रक्तातील, रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात. मात्र ती शिल्लक असताना लस दिली तर लशीतील विषाणूच निष्प्रभ होतो, म्हणून आपल्याकडे पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात.

उशिराचा धोका ताप-पुरळापुरता नाही. गोवर रोगप्रतिकारशक्तीची स्मृतीच पुसतो: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची आधीची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. मग जुलाब, न्यूमोनिया मागे लागतात, अन्नावरची वासना उडते, अ जीवनसत्त्वाचा साठा आटतो, आणि बाळाच्या लसीकरण कार्डावरील वजनाची जी रेषा चढायला हवी, ती आडवी होते किंवा खाली झुकते. कुपोषित बाळाच्या तर हे जिवावर बेतते; २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या साथीत मुले दगावली, हे विसरता येत नाही.

साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नये, हे कळकळीने सांगावेसे वाटते. तारीख चुकलीच असेल, तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. कार्ड घेऊन लगेच जावे.