दोन सेंटिमीटर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पोलीस भरतीत उंचीवर बाद झालीस हे कळलं. 155 लागते, तुझी 153 भरली. वाईट वाटलंच, पण त्याहून राग आला तो उंची वाढेल म्हणून तू आणलेल्या त्या पावडरच्या डब्याचा. विसाव्या वर्षी उंची वाढत नसते. लोंबकळून नाही, भुकटीनं तर नाहीच. पाळी सुरू झाल्यावर मुलीची पाच-सात सेंटिमीटर वाढ उरते, मग हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा मिटते. ती पुन्हा उघडत नाही. ते पैसे पुढच्या फॉर्मला लाव; वनरक्षकाला मुलींची 150 चालते.

‘आमच्या घरात सगळे बुटकेच’ असं लिहिलंयस. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं, अंगणवाडीच्या ओट्यावर आणि बैठकीत साहेबांच्या तोंडूनही. आनुवंशिकता आहेच, नाही कोण म्हणतं? पण जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतली नीट पोसलेली मुलं मोजली, ओस्लोची, मस्कतची, आपल्या दिल्लीचीही. शाळेच्या वयापर्यंत ती जवळपास सारखीच वाढली. 2006 चे वाढीचे तक्ते त्यावरूनच झाले. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानानं फार कमी उंचीची, निघाली. हे सगळं रक्तातून आलं म्हणायचं?

पहिली दोन वर्षं, पोरी! पोटातले महिने आणि ही दोन वर्षं. नीट वाढलेली मुलगी दोन वर्षांची होते तेव्हा 86 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे निम्म्याहून जास्त उंची तिनं गाठलेली असते. जुलाबात उतरलेलं वजन लवकर भरून येतं, राहिलेली लांबी तशी येत नाही. म्हणून नुसत्या वजनावर भागत नाही. लांबी मोजायला दोघी लागतात: एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ दाबून पायाशी पट्टी सरकवायची. मूल रडतं, आई वैतागते, आणि रजिस्टरात अंदाजे आकडा पडतो. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत, मी तो पडू दिला नाही. तुमच्याकडेच खुजी मुलं जास्त कशी, म्हणून वरून बोलणी खाल्ली. जास्त दिसत होती, कारण आम्ही खरी मोजत होतो. आजही तेच करीन.

आईला दोष देऊ नकोस. तू झालीस तेव्हा तिचीच वाढ पुरी झाली नव्हती, आणि तिच्या ताटात शेवटी काय उरायचं ते तुला ठाऊक आहे.

वहिनीचं बाळ सात महिन्यांचं ना? त्याला वरणाचं पाणी पाजता म्हणे. पाणी कशाला, खालची डाळ द्या की! भातात कालवून, वर तेल-तूप, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट. घरात अंडं शिजतं, त्यालाही कुस्करून द्या. अंगावरचं दूध दोन वर्षं चालू ठेवा. जुलाब झाले तर जेवण तोडायचं नाही. ओआरएस, चौदा दिवस झिंक, आणि जेवण चालूच. पहिली दोन वर्षं, किती वेळा सांगू?

या महिन्यात त्याला अंगणवाडीत ने. सेविका एकटी असेल तर गुडघे तू धर. लांबी किती भरली ते कळव, अंदाजे नको.

तुझ्या,
बाई