घरासाठी टाकलेला भराव, मागची तिवरे आणि नगर परिषदेची नोटीस

प्रश्न : रायगड जिल्ह्यात खाडीलगत आमची वडिलोपार्जित अकरा गुंठे जमीन आहे. घर बांधायचे म्हणून थोरल्या भावाने डिसेंबरमध्ये निम्म्या भागात पन्नासएक डंपर मुरूम टाकून, जेसीबीने सपाटीकरण करून ती रस्त्याच्या पातळीला आणली. आता काम थांबवून जागा पूर्ववत करण्याची नगर परिषदेची नोटीस आली आहे. ठेकेदार म्हणतो, ‘सातबारा तुमचा, घर तर अजून उभेच नाही, मग परवानगी कसली?’ मागे तिवरे आहेत, पण ती आमच्या हद्दीबाहेर आहेत. उत्तर काय द्यावे?

उत्तर : ठेकेदाराचे म्हणणे ऐकायला पटते, आणि नेमके तेच तुम्हाला अडचणीत आणील. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २(७) मधील ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत जमिनीवरचे अभियांत्रिकी काम, जमिनीत केलेला महत्त्वाचा बदल आणि भराव घालून जमीन तयार करणे हे सारे येते. भिंत उभी राहिली की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. शेतीच्या नेहमीच्या कामात केलेल्या खोदाईला कलम ४३ मध्ये सूट आहे खरी, परंतु घरासाठी बाहेरून आणून टाकलेला मुरूम त्या सुटीत बसणार नाही. तेव्हा ‘परवानगीची गरज नव्हती’ असे लेखी देऊ नये. एकदा दिलेले उत्तर पुढे प्रत्येक सुनावणीत समोर येते.

कलम ५३ खालील नोटीस मिळाल्यावर, तिच्यात दिलेल्या मुदतीत, झालेले काम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ प्रमाणे अर्ज करता येतो. साध्या माळावरचा भराव असता, तर हाच मार्ग मी पहिल्यांदा सुचवला असता. तुमच्या जागेत मात्र खरी अडचण तिवरांची आहे, आणि ती हद्दीबाहेर असल्याने काही फरक पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीचा, म्हणजे तिवरांच्या वनाभोवतीचा, ५० मीटरचा पट्टा बांधकाम व भरावापासून मुक्त ठेवण्यास सांगितले आहे, आणि हे अंतर तुमच्या कुंपणापासून नव्हे, तर कांदळवनाच्या कडेपासून मोजले जाते. त्या पट्ट्यातला भराव नियमित करण्याचा अधिकार नगर परिषदेकडे नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

म्हणून उत्तराआधी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयाचा हद्दीचा नकाशा आणि १:४००० प्रमाणाचा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा एकावर एक ठेवून पाहिले की भरावाचा कोणता भाग ५० मीटरच्या आत येतो, ते स्पष्ट होईल. पट्ट्याबाहेरच्या भागासाठी स्वतंत्र अर्ज करावा आणि आतला मुरूम काढण्याची तयारी लेखी कळवावी. पाहणीला आलेला अभियंता कागदाइतकेच जमिनीकडे पाहतो: भरावाची कड कोठे संपते, रस्त्याखालची मोरी बुजली आहे का, भरतीच्या पाण्याची पांढरी खारट रेघ कोठवर दिसते. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी उभी मुळे वर आलेली असतात. झाड त्यांच्यातूनच हवा घेते, आणि ती मुरमाखाली गाडली गेली की वरून हिरवे दिसणारे झाड हळूहळू गुदमरत जाते. पंचनाम्यात याची नोंद झाली, तर प्रकरण नगर परिषदेपुरते राहत नाही, ते वन विभागाकडेही जाते. पंचनाम्याच्या वेळी भावाने स्वतः हजर राहून त्याची प्रत मागून घ्यावी.

मुरूम काढतानाही घाई नको. घाबरून एका रात्रीत पोकलेन लावून तोच राडारोडा पलीकडच्या खाडीत लोटून देणारे लोक पाहिले आहेत. त्यांच्यावर एकाऐवजी दोन प्रकरणे झाली. कोणत्या पातळीपर्यंत उकरायचे, मुरूम कोठे न्यायचा आणि मोरी कशी मोकळी करायची, हे नगर परिषदेकडून लेखी ठरवून घ्यावे आणि पावसाळ्याआधी काम संपवावे. उधाणाच्या भरतीला वाट मिळाली नाही, तर तेच पाणी शेजाऱ्याच्या खाचरात शिरेल आणि तक्रारदारांत एकाची भर पडेल.

तहसीलदारांचा विषय वेगळा आहे. मुरूम गौण खनिज आहे. रॉयल्टी न भरता उत्खनन किंवा वाहतूक झाली असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ठेकेदाराकडून वाहतूक पास आजच मागून घ्यावेत; त्याने टाळाटाळ केली, तर काय समजायचे ते समजावे.

प्रश्न : आमची भातखाचरे आणि जुने मिठागर ‘पाणथळ जागा’ ठरतात का? नसल्यास त्यांवर भराव घालता येईल का?

उत्तर : पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी भातशेती आणि मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या रचना व्याख्येतून वगळल्या आहेत. तथापि ही वगळणूक त्या नियमांपुरतीच आहे. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना, कांदळवनाचा पट्टा आणि वर सांगितलेला नगररचना कायदा तेथेही लागू होऊ शकतो, त्यामुळे पहिला डंपर बोलावण्याआधी जागेचा सीआरझेड दर्जा लेखी मिळवावा.