काका, पाच मिनिटांत काय बोलू?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. आमदार म्हणून पहिलंच बजेट सेशन, ऊर्जा खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर बोलायला पाच मिनिटं मिळणार आणि काका मी काय बोलू असं विचारलंयस. फोनवर सांगून भागणारी गोष्ट नाही म्हणून लिहायला बसलो, जरा लांबेल, निवांत वाच.

आधी भाषण डोक्यातून काढ. जळालेला ट्रान्सफॉर्मर, वाढीव बिलं, रात्रीची लाईट, हे सगळं पाच मिनिटांत बोलून होतं, बाकं वाजतात, क्लिप गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरते, आणि तेवढ्यात मागण्या आवाजी मतदानानं मंजूर पण झालेल्या असतात. माझी पहिली टर्म अशीच गेली आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुला सांगतो, एकदोन लेखाशीर्षं, म्हणजे बजेटमधली खर्चाची खाती, धर आणि पाच वर्षं सोडू नकोस. २८०१ म्हणजे विद्युत, महसुली खर्च. ६८०१ म्हणजे वीज प्रकल्पांना दिलेली कर्जं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा गठ्ठा मिळाला की बाकीचं बाजूला ठेव, ही दोन काढ, मागच्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिही. मग पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्ये सरकार जादा पैसे मागतं त्यात, त्याच शीर्षाखाली परत किती मागितले ते त्याच ओळीत लिही. मोबाईलमध्ये नाही, वहीत, कारण तीन वर्षांनी तीच वही घेऊन तू उभी राहणार आहेस.

आता यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे शेतीपंपांची सवलत. जुलै २०२४ च्या निर्णयात साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना पाच वर्षं मोफत वीज दिली, खर्च वर्षाला साधारण १४,७६० कोटी. शेतकऱ्याला वीज फुकट द्यावी की नाही हा वाद वेगळा आणि तो तू तुझ्या पक्षात घाल, मी स्वतः कोरडवाहू भागातला आहे, माझं मत तुला माहितीये. पण सभागृहात तुझं काम वेगळं आहे. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यायची. मग विचार ना, पैसे रोख दिले का? कधी दिले? का वीज शुल्काचे सरकारला येणारे पैसे आणि सरकारनं द्यायची सवलत यांचं नुसतं पुस्तकी समायोजन झालं? कारण पैसे उशिरा आले की कंपनी कर्ज काढते, व्याज भरते, आणि ते ओझं फिरून दरातच येतं, म्हणजे इचलकरंजीतल्या मागवाल्याच्या नाहीतर तुझ्या मतदारसंघातल्या पिठाच्या गिरणीच्या बिलात.

आणि हा आकडा मुळात येतो कुठून ते बघ. लाखो पंपांना मीटर नाही किंवा आहे तो बंद, तिथं एचपीवर हिशोब होतो. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, आठ तास चालला तर ३० युनिट, गुणिले दिवस, गुणिले पंप. हा गुणाकार करायला एसी ऑफिसात पाच मिनिटं लागतात. मी दुसऱ्या टर्मला एकदा आमच्या भागातल्या एका उपकेंद्रावर रात्री जाऊन बसलो. ऑपरेटर तरुण पोरगा होता, दर तासाला फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीचा, लोड लॉगशीटवर पेन्सिलनं लिहीत होता. आठ तासांची पाळी कागदावर, पण मधेमधे लाईन ट्रिप झाली तो वेळ वजा करून त्या रात्री सव्वापाच तास निघाले. सकाळी त्याच फीडरवर पायी हिंडलो, हातात पंपांची यादी. एकाच्या नावावर ५ एचपी, त्याच्या विहिरीत मार्च महिन्यातच तळाचे दगड दिसत होते आणि मोटर काढून घरी पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलेली. पुढच्या बांधावर उलटं, यादीत ३ एचपी आणि खाली मोटर साडेसातची, पाणी खोल गेलं म्हणून त्यानं बदललेली. म्हणजे यादी दोन्ही बाजूंनी चुकीची होती. त्यातला कुणी चोर नव्हता ग, तो शब्द सभागृहात चुकूनही वापरू नकोस. पण अंदाजाचा वापर फुगला की गळती, म्हणजे वाटेत वाया गेलेली किंवा चोरीला गेलेली वीज, झाकली जाते हे मात्र मला त्या दिवशी पायाला कळलं. जुनं वीज मंडळ नव्वदच्या दशकात गळती सतरा-अठरा टक्के सांगायचं, १९९९ ला विजेचे दर ठरवणारा वीज नियामक आयोग आला, कागद मागितले, आणि तीच गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. तारा त्याच होत्या, फक्त कुणीतरी नीट विचारलं.

आता दाभोळचा वीज प्रकल्प, एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा. तुझा जन्म तेव्हा झाला नव्हता बहुतेक, पण एन्रॉनचा करार तू मुळातून समजून घेतल्याशिवाय ऊर्जेवर तोंड उघडू नकोस असं मी हट्टानं सांगेन. डिसेंबर १९९३ ला वीज मंडळानं सही केली. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, तोही डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी. जागतिक बँकेनं त्याच वर्षी कर्ज नाकारताना सांगितलं होतं की प्रकल्प फार मोठा आहे आणि वीज महाग पडेल. पुण्यात प्रयास संस्थेत गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कराराचं गणित मांडून दाखवलं, साधी माणसं, पण एकेक कलम वाचणारी. १९९५ ला सरकार बदललं, करार रद्द झाला, आणि मग परत वाटाघाटी होऊन जो नवा करार आला त्यात आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा बंधनकारक झाला. समुद्रात बुडवतो म्हणणाऱ्यांनी मोठा प्रकल्प घेतला. मे १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला, त्याचं इंधन, नाफ्था, महागलं, रुपया घसरला, मागणी कमी म्हणून वीज कमी उचलली तर स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडला, २००० मध्ये काही महिने युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. मे २००१ ला प्रकल्प बंद. करारानंतर काही वर्षांनी सरकारनं नेमलेल्या गोडबोले समितीनं सगळं तपासलं, चांगलं तपासलं, पण वीज क्षेत्रात पैसा सहीच्या दिवशी जातो, बिल मागून येतं. आजही वीस-पंचवीस वर्षांचे करार होतायत, सौर, औष्णिक, साठवणुकीचे. प्रत्येक ठिकाणी विचार, न उचललेल्या विजेपोटी गेल्या वर्षी किती स्थिर आकार दिला, वीजनिर्मितीच्या प्रत्येक संचाचा वेगळा आकडा द्या. दराच्या याचिका आयोगाकडे सगळ्यांना खुल्या असतात, सुनावणीत आमदारानं जाऊन बसायला कुणी अडवत नाही, मी फार उशिरा जायला लागलो.

प्रश्न कसा लिहायचा तेवढं सांगतो. "ऊर्जा विभागात गैरव्यवहार झाला, हे खरे आहे काय" असं लिहिलंस की उत्तर ठरलेलं, "हे खरे नाही", आणि खालच्या चारही उपप्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही". त्यापेक्षा फीडरचं नाव घाल. एप्रिल ते मार्च त्या फीडरच्या मीटरवर किती युनिट नोंदले, त्यावरच्या पंपांच्या नावे किती धरले, फरक किती, कारण काय. यातून सुटायला जागा राहत नाही, आणि उत्तर अर्धवट आलं तर अर्धा तास चर्चा माग.

सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीवर नाव सुचवलं तर नको म्हणू नकोस. तिथं कॅमेरा नसतो, कार्यकर्ते म्हणतील ताई यात काय मिळणार. पण तिथं सचिव समोर बसून साक्ष देतात आणि पक्षाची भांडणं बऱ्यापैकी दाराबाहेर राहतात. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल बऱ्याचदा सेशनच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या असतात, तू तो गाडीत घे आणि घरी पोचेपर्यंत ऊर्जेचे परिच्छेद वाचून काढ.

पुढच्या रविवारी मी घरीच आहे. तुझ्या तालुक्यातल्या कुठल्याही एका शेती फीडरचं बारा महिन्यांचं रीडिंग आणि पंपांची यादी घेऊन ये, जेवायलाच ये, काकूनं भरली वांगी करायचं ठरवलंय. पाच मिनिटांचं काय बोलायचं ते त्या दोन कागदांवर बसून ठरवू.

तुझा,
काका